हजार रुपयांचा आवाज

मध्य प्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉप घेण्यासाठी राज्य सरकारकडून २५,००० रुपये मिळतात. पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसर तालुक्यात बोरगाव आहे. तिथल्या एखाद्या घरी असा लॅपटॉप आला की तो एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. सकाळी त्यावर मुलीचा गणिताचा तास चालतो. दुपारी कारखान्यातली पाळी संपवून आलेले वडील जुना सिनेमा लावतात. संध्याकाळी आजोबांना खंजिरीवरची भजनं हवी असतात. आठवडाभरात घरातला प्रत्येक जण एकच तक्रार करू लागतो: चित्र छान दिसतं, पण आवाज पुरत नाही.

तक्रार रास्त आहे, आणि तिचं कारण सरळ आहे. पंचवीस-तीस हजारांच्या लॅपटॉपमध्ये जिथे काटकसर करायची तिथे कंपनी ती स्पीकरवर करते. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, स्क्रीनचे इंच हे सगळं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. स्पीकरबद्दल बहुधा ‘स्टिरिओ’ एवढा एकच शब्द असतो. गिऱ्हाईक ज्याची चौकशी करत नाही, त्यावर कोणी पैसे घालत नाही. मग लॅपटॉप घेऊन झाल्यावर हाती उरलेल्या हजार-बाराशे रुपयांत वेगळे स्पीकर घ्यावेत का आणि कोणते, असा प्रश्न उभा राहतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. एवढे पैसे पुरतात, पण ते वॅटचा आकडा बघून खर्च करू नयेत. स्पीकरचा पडदा किती मोठा आहे, तो कसल्या डब्यात बसवला आहे आणि आपण तो खोलीत कुठे ठेवणार आहोत, या तीन गोष्टींवर आवाज ठरतो.

बोरगावच्या म्हाताऱ्या माणसांना हे पटवून द्यावं लागत नाही, कारण त्यांनी रेडिओ ऐकलेला आहे. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली आणि तिचे मराठी कार्यक्रम महाराष्ट्राच्या सीमेच्या या बाजूच्या घरांतही लागत आले. राज्याची हद्द बदलली, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी कानाची सवय नागपूरकडेच राहिली. ज्या घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्या घरातले लोक आजही सांगतात की बातम्या देणारा माणूस जणू समोर बसून बोलतोय असं वाटायचं. त्या रेडिओची ताकद दोन-चार वॅटच्या आसपासच असायची. पण त्यात सहा-आठ इंचांचा कागदी पडदा होता आणि भोवती हातभर लांबीची लाकडी पेटी होती. आजच्या लॅपटॉपमधले स्पीकरही वॅटने मोजले तर फार मागे नाहीत, एकेक दीड-दोन वॅटचा असतो. फरक पडतो तो पडद्यात आणि पेटीत.

स्पीकरचं यंत्र शंभर वर्षांत मुळातून बदललेलं नाही. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली ज्या रचनेवर लेख लिहिला, तीच रचना आज पाचशे रुपयांच्या स्पीकरमध्ये आहे. गोल लोहचुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं लोंबकळत असतं. त्यातून आवाजाच्या तालावर वीज गेली की वेटोळं पुढे-मागे हलतं. वेटोळ्याला चिकटवलेला शंकूसारखा पडदा त्याच्याबरोबर हलतो आणि समोरची हवा ढकलतो. ही ढकललेली हवाच आपल्या कानापर्यंत पोचते.

इथे एक हिशेब आहे, आणि संपूर्ण खरेदी त्यावर अवलंबून आहे. तेवढाच मोठा आवाज पण निम्म्या कंपनसंख्येचा, म्हणजे एक सप्तक खालचा, काढायचा असेल तर पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. दोन सप्तकं खाली जायचं तर सोळापट. लॅपटॉपमधला पडदा इंचभराचा असतो, कधी लांबट असतो आणि त्याला हलायला जागा मिलिमीटरच्या हिशेबात असते. सोळापट हलायची त्याची सोयच नाही. म्हणून साधारण २०० ते ३०० हर्ट्‌झच्या खाली तो जवळजवळ गप्प होतो. पोस्टकार्डाने वारा घालणं आणि सुपाने वारा घालणं यात जो फरक आहे, तोच इंचभराच्या आणि चार इंची पडद्यात आहे. पडद्याचा व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि तेवढाच खालचा स्वर काढायला त्याला चौथाई हलून भागतं.

हे स्वरात सांगितलं तर लगेच उमगेल. पुरुष गायक बहुतेक वेळा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. काळी एकचा षड्ज धरला तर गायकाचा ‘सा’ सुमारे १३९ हर्ट्‌झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या खाली एक सप्तक, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्‌झची. आता हाच तंबोरा लॅपटॉपवर लावा. खर्जाची मूळ कंपनं तर सोडाच, गायकाच्या षड्जाची मूळ कंपनंसुद्धा त्या स्पीकरमधून बाहेर पडत नाहीत. तरीही आपल्याला सूर ओळखता येतो, कारण मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या कंपनांची रांग कानावर येते आणि मेंदू त्या रांगेवरून खालचा गहाळ स्वर ताडतो. टेलिफोनवर आयुष्यभर हेच चालत आलं आहे. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच पट्टी जायची, आणि बहुतेक पुरुषांच्या बोलण्याचा मूळ स्वर ८५ ते १८० हर्ट्‌झमध्ये असतो. म्हणजे मूळ स्वर तारेवरून येतच नव्हता, तरी फोनवर वडिलांचा आवाज लगेच ओळखू यायचा.

ओळखू येणं वेगळं आणि ऐकण्यात समाधान होणं वेगळं. ज्याला स्वरात स्वर मिळवायचा आहे, त्याला तंबोऱ्याचा पाया प्रत्यक्ष कानावर यायला हवा. तुकडोजी महाराजांच्या भजनांची ओढ या पट्ट्यात मोठी आहे. त्या भजनांत खंजिरीची थाप आणि तबल्याचा डग्गा बाजूला काढले तर उरतो तो नुसता शब्दांचा किणकिणाट. आजोबा लॅपटॉपवर भजन ऐकून ‘यात जीव नाही’ म्हणतात, तेव्हा ते ६० ते २०० हर्ट्‌झची जी पट्टी गायब आहे तिच्याबद्दल अगदी अचूक बोलत असतात.

खरेदीआधी दोन फुकटचे उपाय करून पाहावेत. बहुतेक स्वस्त लॅपटॉपचे स्पीकर तळाशी, खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवला की त्यांचं तोंडच दाबलं जातं. तोच टणक टेबलावर, मागची बाजू बोटभर उचलून ठेवला तर आवाज टेबलावर आपटून पुढे येतो आणि शिकवणीपुरता बऱ्यापैकी स्पष्ट होतो. दुसरा उपाय याहून मोठा आहे. घरात कपाटावर किंवा माळ्यावर जुना होम थिएटर, डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेला स्पीकरचा सेट किंवा टेपरेकॉर्डरचा डेक पडला आहे का ते पाहा. त्याच्या मागे लाल-पांढरी गोल छिद्रं किंवा ‘ऑक्स’ लिहिलेलं छिद्र असेल, तर एका टोकाला लॅपटॉपची साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर शे-दीडशे रुपयांत मिळते. तेवढ्यात काम झालं तर नवीन घेऊ नका. वीस वर्षांपूर्वीच्या साध्या सेटमधला पडदा आणि डबा आजच्या हजार रुपयांच्या नव्या स्पीकरपेक्षा मोठा असतो, आणि आपण वर पाहिलेल्या हिशेबात तोच जिंकतो.

जुनं काही नसेल तर बाजारात जावं लागेल, आणि तिथे पहिली गाठ वॅटशी पडते. खोक्यावर १२०० वॅट, २००० वॅट असे आकडे दिसले आणि शेजारी ‘पीएमपीओ’ ही अक्षरं दिसली की तो आकडा वाचूच नये. एका क्षणार्धात, कसाही फाटका आवाज आला तरी चालेल या बोलीवर, कागदावर काढलेली ती कमाल ताकद असते. ती मोजण्याची सगळ्यांना मान्य अशी रीतच नाही. अर्थ असतो तो आरएमएस वॅटला, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकेल त्या ताकदीला. तोही आकडा खरा आहे का हे घरबसल्या तपासता येतं. स्पीकरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर असेल तर भिंतीतून फार तर १० वॅट येतात. त्यातून सतत ४० वॅट आवाज निघेल असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे, मग खोका कितीही चकचकीत असो. यूएसबीच्या साध्या, जुन्या पद्धतीच्या छिद्रातून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ मधून साडेचार. तेवढ्यावर चालणारा स्पीकर दोन्ही बाजू मिळून त्यापेक्षा कमीच ताकद देणार.

पण अडीच वॅट खरोखर कमी आहेत का? लहान स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण ८० डेसिबल आवाज येतो असं धरू. लॅपटॉपसमोर आपण दोन फुटांवर बसतो, तिथे तो ८४ च्या आसपास होतो. शिक्षकांचं बोलणं ७० डेसिबलने ऐकलं तरी ते दोन माणसांच्या साध्या गप्पांपेक्षा चढं असतं. त्यासाठी लागणारी ताकद निघते एका वॅटचा पंचविसावा भाग. भजनात डग्ग्याची थाप पडते तेव्हा आवाज क्षणभर पंधरा डेसिबलने उसळतो. त्या उसळीला तीसपट ताकद हवी, म्हणजे सव्वा वॅट. टेबलावरच्या स्पीकरला दर बाजूला तीन ते पाच खरे वॅट असले की घरगुती ऐकण्याला काही कमी पडत नाही. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला ताकद दहापट लागते. म्हणून सहा वॅट आणि दहा वॅट यांत निवड करताना दोनशे रुपये जास्त मोजणं व्यर्थ आहे. तेच पैसे दोन इंचांऐवजी तीन इंची पडद्यासाठी मोजा.

डब्याचं महत्त्व लोकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. डबा नसेल तर दाबलेली हवा कडेने मागे वळते आणि दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. खालच्या स्वरांत हे सगळ्यात जास्त होतं. एखादा सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर तो चिरका का वाटतो, याचं उत्तर हे आहे. मागची लाट डब्यात कोंडली की पुढची मोकळी होते. अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी १९५४ साली दाखवून दिलं की हवाबंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वापरली तर छोट्या डब्यातूनही खोल स्वर निघतो. त्याआधी १९३२ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांना वेगळ्या युक्तीचं पेटंट मिळालं होतं: डब्याला नळीसारखं भोक ठेवायचं, म्हणजे मागची लाट योग्य वेळी उलटून पुढच्या लाटेला मदत करते. ते भोक किती मोठं आणि किती लांब हवं याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात बसवलं. आज जगातले बहुतेक सगळे स्पीकर त्याच गणितावर बनतात.

यातून आपल्याला कामाच्या दोन गोष्टी मिळतात. डबा जड आणि टणक हवा. पातळ प्लॅस्टिकचा डबा स्वतःच थरथरतो आणि त्याची भर आवाजात पडते. बोटाच्या पेराने डब्यावर टकटक करा. ‘टप्’ असा मेलेला आवाज आला तर उत्तम, ‘टण्ण’ असा घुमला तर तो स्पीकर वाजतानाही तसाच घुमणार. दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा, म्हणजे एमडीएफचा डबा याच किमतीत मिळाला तर प्लॅस्टिक सोडून तो घ्यावा. आणि डब्याच्या मागे भोक असेल तर तो भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार बोटं तरी अंतर सोडावं.

आता वूफरचा प्रश्न. दुकानात गेलं की ‘टू पॉइंट वन’ सेट पुढे केला जातो: दोन छोटे स्पीकर आणि खाली ठेवायचा एक मोठा डबा. वाजवून दाखवतात तेही असंच एखादं गाणं, ज्यात धमधम जास्त. तीन-चार हजारांच्या पुढे हे सेट चांगले होतात, त्यात वाद नाही. हजार-पंधराशेच्या सेटमध्ये मात्र वूफर एकाच पट्टीत, साधारण शंभर हर्ट्‌झच्या आसपास, सगळं एकसारखं घुमवतो. डग्ग्याची मींड त्यात विरून जाते आणि प्रत्येक थाप सारखीच वाटते. शिवाय मोठ्या डब्यावर खर्च केल्यामुळे वरचे दोन स्पीकर अगदीच किरकोळ दिलेले असतात. शिकणाऱ्या मुलीचं नुकसान इथेच होतं. बोलणं समजतं ते व्यंजनांवरून, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची शक्ती दोन हजारांपासून आठ हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेली असते. खालचा घुमारा वाढला की तो या बारीक आवाजांवर चढतो. तासभर ऐकल्यावर डोकं जड होतं आणि मुलीला वाटतं की आपलं लक्ष लागत नाही. ज्या घरात लॅपटॉपचा पहिला उपयोग अभ्यास आहे, त्या घराने या किमतीत वूफरचा सेट घेऊ नये असं मी ठामपणे सांगेन. दोन स्पीकरची साधी जोडी घ्यावी.

ब्लूटूथचं आकर्षण मला कळतं. वायर नाही, अंगणात नेता येतो, मोबाईललाही जोडता येतो. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी जरूर घ्यावा. पण त्याच पैशांतला बराचसा हिस्सा बॅटरीवर आणि चिपवर जातो, पडद्यावर कमी उरतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि आपल्याकडचा मे महिना तिला आणखी लवकर थकवतो. उन्हात किंवा गाडीत ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर फार टिकत नाही. आवाज हवेतून पाठवताना तो आधी आकुंचित करावा लागतो, मग पलीकडे पुन्हा उलगडावा लागतो, त्यात सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा जातो. सिनेमा दाखवणारी बरीच सॉफ्टवेअर्स चित्र तेवढं थांबवून जुळवून घेतात. पण लॅपटॉपवर लेहरा लावून तबल्याचा रियाज करायचा असेल किंवा कीबोर्ड वाजवायचा असेल, तर हा उशीर असह्य होतो.

यूएसबीवर चालणाऱ्या वायरच्या स्पीकरमध्येही दोन जाती आहेत आणि खोक्यावरच्या चित्रात त्यांची वायर नीट पाहून घ्यावी. एकीत दोन टोकं असतात: यूएसबीतून वीज आणि साडेतीन मिलिमीटरच्या पिनेतून आवाज. दुसरीत फक्त यूएसबी असते, आवाजही त्यातूनच जातो. लॅपटॉपचं गोल छिद्र सैल झालेलं असेल तर दुसरी जात कामाची. पहिली जात मोबाईलला, टीव्हीला, रेडिओलाही लागते, म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी तीच सोयीची. यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या जोडीचा आणखी एक फायदा गावात लगेच कळतो. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तास अर्ध्यावर थांबत नाही.

नवे स्पीकर घरी आणून लावले आणि सतत ‘घूं’ असा आवाज येऊ लागला, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर स्पीकर निर्दोष आहे. आपल्या विजेची कंपनसंख्या ५० हर्ट्‌झ, त्यामुळे ही घरघर ५० किंवा १०० हर्ट्‌झची असते. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, स्पीकरचा अडॅप्टर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांना जोडणारी आवाजाची वायर, असं वर्तुळ तयार झालं की ती त्यात शिरते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्याने बहुतेक वेळा काम होतं. तरी राहिलीच तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची बोटाएवढी डबी आवाजाच्या वायरीत घालता येते. पण चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर प्रश्न आवाजाचा राहिला नाही. बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात अर्थिंगची तार पोचलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. ती वायरमनकडून तपासून घ्या. स्पीकर नंतर.

खोलीचा विचार फार थोडे लोक करतात. आपल्याकडच्या खोल्या विटा-सिमेंटच्या, वर स्लॅब किंवा टिनाचे पत्रे, खाली फरशी. आवाज सगळीकडून परततो आणि बोललेला शब्द पुढच्या शब्दावर चढतो. याला उपाय मोठा स्पीकर नाही, जवळ बसणं हा आहे. दोन स्पीकरमध्ये दोन-अडीच फूट अंतर ठेवा, तेवढंच अंतर आपल्यापासून, तोंडं आपल्याकडे वळवलेली, आणि उंची कानाजवळ येईल अशी. टेबल खाली असेल तर जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली ठेवून उंची वाढवा. स्पीकरखाली घडी घातलेलं कापड ठेवलं की टेबल घुमत नाही. मागे भिंत जवळ असली की खालचे स्वर चढतात, कोपऱ्यात आणखी चढतात. आजोबांच्या भजनाला थोडं वजन हवं असेल तर जोडी भिंतीकडे सरकवा, तासाच्या वेळी पुढे ओढा. पैसे न देता मिळणारा हा एवढा मोठा फरक मी दुसऱ्या कुठल्याही बटणाने होताना पाहिलेला नाही.

खरेदीला जाताना लॅपटॉप, निदान मोबाईल, सोबत न्यावा. सौंसरच्या दुकानात घ्या किंवा नागपूरला सीताबर्डीवर जा, ऐकायचं मात्र आपलंच. एखाद्या शिक्षकांच्या तासाची पाच मिनिटं, एक बातमीपत्र आणि घरात रोज लागणारं एक भजन सोबत ठेवा. काहीही न वाजवता आवाजाचं बटण पूर्ण फिरवा आणि कान लावा. ‘सूं’ असा वारा जोरात आला तर आतला अँप्लिफायर हलका आहे. बटण अगदी कमीवर आणून ऐका. स्वस्त बटणांत सुरुवातीच्या टप्प्यात एकच बाजू वाजते, आणि रात्री हळू ऐकणाऱ्याला ते रोज छळतं. मग भजन मोठ्याने लावून डग्ग्याच्या थापेवर डब्यातून खडखड येते का पाहा. पिन छिद्रात घालून हलकेच फिरवा, आवाज तुटला तर दुसरा नग मागा. बाजारात झेब्रॉनिक्स, इंटेक्स यांसारखी आपल्याकडची नावं आहेत, क्रिएटिव्ह आणि लॉजिटेकसारखी बाहेरची आहेत. प्रत्येकाकडे चांगला मालही आहे आणि सुमारही, त्यामुळे नावापेक्षा समोरचा नग ऐका. अडॅप्टर सोबत येत असेल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहिल्याशिवाय तो घरात लावू नका. तारीख घातलेलं पक्कं बिल घ्या. वॉरंटी बहुधा वर्षभराची असते आणि कंपनीचं सेवा केंद्र जवळच्या मोठ्या शहरात. म्हणून साध्या वायरीची, साध्या बटणाची जोडी घेण्यात आणखी एक शहाणपण आहे: तिची तुटलेली वायर गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस जोडून देऊ शकतो.

घरात लावल्यावर शेजाऱ्यांचंही पाहावं लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. दोन फुटांवरून ऐकायला बसवलेली जोडी घराबाहेर ही मर्यादा सहज पाळते. पलीकडच्या खोलीत ऐकू यावं म्हणून वाढवलेला वूफर ती पाळत नाही.

तेव्हा बोरगावच्या त्या घरासाठी माझा निवाडा असा. माळ्यावर जुना चालू सेट असेल तर शे-दीडशेची वायर आणा आणि उरलेले पैसे पुस्तकांना ठेवा. नसेल तर हजार-बाराशेत वायरची दोन स्पीकरची जोडी घ्या: पडदा तीन इंचांचा, निदान अडीचचा, डबा टकटक केल्यावर न घुमणारा, दर बाजूला तीन-चार खरे वॅट, वूफर नको. पाचशेच्या वर खर्च झेपत नसेल तर यूएसबीवरची दोन इंची जोडीही शिकवणीला पुरेल, फक्त भजनाची हौस तिच्यावर भागणार नाही. आणि घरात गाणारं कोणी असेल, तंबोऱ्याबरोबर रोज बसणारं, तर हजारात घाई करू नका. सहा महिने थांबा, तीन हजार जमू द्या आणि लाकडी डब्याची चार इंची जोडी घ्या.